गाडी ओढते, स्टेअरिंग थरथरतं, खालून टकटक येते: अलाइनमेंटला जायच्या आधी स्वतः काय तपासायचं

गाडी जरा एका बाजूला जायला लागली किंवा स्टेअरिंगमध्ये थरथर जाणवली की बहुतेक लोक सरळ अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन मोजून सेट करणं) करून मोकळे होतात. चार दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच सुरू. यात अलाइनमेंट करणाऱ्याची चूक असतेच असं नाही. ते मशीन फक्त चाकांचे कोन मोजतं, टाय रॉड एंड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) ढिला झालाय का, लोअर आर्मचं (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांडीचं) बुश, म्हणजे रबरी सांधा, फाटलंय का हे ते सांगत नाही, आणि ढिल्या पार्टवर कितीही बरोबर कोन सेट केला तरी पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो हलणारच. म्हणून अलाइनमेंट हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. त्याच्या आधी काय काय बघायचं ते खाली क्रमाने लिहिलंय. मी या सगळ्यातून गेलोय, गॅरेजवाल्यांनी एकाच आवाजाची वेगवेगळी कारणं सांगितलेली ऐकलीयेत, त्यामुळे नव्या माणसाचा गोंधळ नेमका कुठे होतो ते माहितीये.

तुम्हाला मेकॅनिक व्हायचं नाहीये. पण "काहीतरी आवाज येतोय, बघा जरा" याच्याऐवजी "पुढच्या डाव्या बाजूने, हळू चालवताना, छोट्या खड्ड्यात टक असा येतो, ब्रेक मारल्यावर येत नाही" एवढं सांगता आलं तरी पुष्कळ पार्ट विनाकारण बदलायचे वाचतात.

आणि आधीच सांगतो, खालचं काही दिसलं तर तपासत बसू नका, गाडी चालवूही नका, टोइंगच्या गाडीने ओढून न्या:
- टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगा आलाय, किंवा रबर जाऊन आतले धागे, तारा दिसतायत
- स्टेअरिंग अचानक खूप ढिलं झालं, किंवा मध्येच अडकायला लागलं
- बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा) किंवा टाय रॉड एंड हाताने हलवल्यावर डोळ्याला दिसेल एवढा हलतोय
- चाकाचा एखादा नट ढिला किंवा गायब आहे

१. आधी लक्षण नीट लिहून काढा

हे काम कंटाळवाणं वाटतं पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. मोबाईलवर नोट उघडा आणि लिहा: किती वेगाला होतं, सरळ जाताना की वळताना, ब्रेक मारताना की ॲक्सिलरेटर दाबल्यावर, गाडी थंड असताना की तासभर चालल्यावर, रस्ता गुळगुळीत असताना की खडबडीत, थरथर हातात येते की सीटखाली. आणि हे कधीपासून सुरू झालं तेही लिहा, म्हणजे टायर बदलल्यावर, पंक्चर काढल्यावर, एखाद्या खड्ड्यात दणकन आपटल्यावर की हळूहळू. पंक्चर काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून थरथर असेल तर सस्पेन्शन खोलायची गरज नाही, ते चाक काढून नीट परत बसवलं तरी पुष्कळदा भागतं.

इथेच एक फरक समजून घ्या, कारण दोन वेगळ्या तक्रारी लोक एकच म्हणून सांगतात. एक म्हणजे गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. दुसरी म्हणजे स्टेअरिंग हलकं सोडलं की गाडी बाजूला जायला लागते. पहिलीत बहुतेक वेळा टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकलेला असतो, पुढचा नाहीतर मागचा. दुसरीत टायर, ब्रेक, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) यातलं काहीही असू शकतं. तिसरा एक प्रकार आहे, गाडी ठराविक बाजूला न जाता नुसती इकडेतिकडे भरकटते आणि सारखं स्टेअरिंग सावरावं लागतं, तिथे कमी हवा किंवा ढिले जॉइंट आधी बघायचे.

२. काय काय लागेल

कागदांमध्ये गाडीचं मॅन्युअल, आधीच्या अलाइनमेंटची प्रिंट असेल तर ती, टायरचं बिल आणि सर्व्हिसची बिलं. जुनी प्रिंट टाकून देऊ नका, कोणता कोन किती सरकला हे तिच्यावरूनच कळतं.

सामान म्हणजे स्वतःचा प्रेशर गेज, चांगला टॉर्च, खडू, मेजरिंग टेप, जॅक, चाकाचा पाना, लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा छोटी पहार, चाक घरंगळू नये म्हणून लावायला ओट (पाचर) किंवा वीट, आणि गाडी उचलून ठेवायला स्टँड. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, काही म्हणजे काही घालायचं नाही. जमीन सपाट आणि कडक हवी, हँडब्रेक ओढलेला, विरुद्ध बाजूच्या चाकांना ओट लावलेली. आणि एक माणूस सोबत हवा, कारण अर्ध्या टेस्ट एकट्याने होतच नाहीत.

३. हवा

हो, हवाच. हसू नका. गाडी ओढणं, जड स्टेअरिंग, वळणावर मऊ वाटणं, यातलं बरंच काही नुसत्या हवेनं होतं.

गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना मोजा. चालवून आल्यावर टायर तापतो आणि प्रेशर सहज ४-५ पीएसआय वाढलेलं दिसतं, मग माणूस हवा काढतो आणि थंड झाल्यावर ती कमी पडते. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर जो आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीसाठीचा आकडा नाही, ही चूक फार लोक करतात. पुढच्या दोन चाकांत २-३ पीएसआयचा फरक असला तरी काही गाड्यांमध्ये ओढ जाणवते, त्यामुळे हवा भरून, एक चक्कर मारून मगच पुढच्या पायरीला या.

४. टायर हाताने आणि डोळ्यांनी वाचा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. गाडीने गेल्या काही हजार किलोमीटरमध्ये काय सहन केलंय ते टायरवर उमटलेलं असतं.

पुढच्या टायरची आतली कड गाडी सरळ उभी असताना दिसत नाही. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मग दिसते. मागच्या टायरला हे करता येत नाही, तिथे मोबाईल आत घालून फोटो काढा. बाहेरून झकास दिसणारा टायर आतून तारेपर्यंत गेलेला असतो, असे टायर मी बघितलेत, आणि मालकाला पत्ता नसतो कारण तो रोज बाहेरची बाजूच बघतो.

काय दिसलं तर काय समजायचं:

मधला पट्टा जास्त गेला असेल तर हवा सतत जास्त भरलेली होती. दोन्ही कडा गेल्या आणि मध्ये चांगला असेल तर हवा कमी. एकच कड गुळगुळीत गेली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं.

आता तळहात टायरवर ठेवा आणि बाहेरून आत, मग आतून बाहेर असा आडवा फिरवा. आधी टॉर्चने बघून घ्या की तार बाहेर आलेली नाही, नाहीतर हात कापेल. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा अडकतो, असं झालं तर टो चुकलाय, चाक सरळ न फिरता घासत फिरतंय. ही गोष्ट डोळ्यांना फार उशिरा दिसते, हाताला खूप आधी कळते. बऱ्याचदा आतली कड गेलेली आणि शिवाय हाताला दातेही लागतात, तिथे टो आणि कॅम्बर दोन्ही संशयित.

टायरच्या घेरावर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडलेत, हात गोल फिरवला की उंच-सखल लागतं, तर शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) गेलाय किंवा बॅलन्सिंग (रिमवर छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) बऱ्याच दिवसांत झालेलं नाही. चाक रस्त्यावर नीट दाबून न बसता उड्या मारत होतं असा त्याचा अर्थ. एकाच जागी सपाट डाग असेल तर ब्रेक लॉक होऊन घासलाय. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली तरी टायर तात्पुरता सपाट होतो, पण तो काही किलोमीटर चालल्यावर परत गोल होतो आणि थरथर जाते.

खोली बघायला खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलीमीटर उरली, टायर संपला. आणि वयही बघा. बाजूच्या भिंतीवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३२२ असेल तर २०२२ सालातल्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर असली तरी जुन्या टायरचं रबर कडक होतं, भेगा पडतात, पावसात पकड जाते.

एक सापळा: तपासायच्या आधी टायर रोटेशन करून घेऊ नका. पुढची झीज मागे गेली की मग कोणत्या चाकाने ती केली हे कळायला मार्ग राहत नाही. आधी खडूने प्रत्येक टायरवर त्याची जागा लिहा, फोटो काढा, मग काय ते करा.

५. गाडी ओढते: टायर, ब्रेक की कोन

सपाट, सरळ, मोकळा रस्ता शोधा. रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळे थोडी ओढ रस्त्याची असते. म्हणून त्याच रस्त्यावर जाताना आणि येताना, शक्य असेल तर वेगळ्या लेनमध्येही बघा. हात पूर्ण सोडू नका, दोन बोटं हलकी ठेवली तरी ओढ कळते.

ओढ पक्की झाली की पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा आणि त्याच रस्त्यावर परत चालवा. ओढायची बाजू बदलली किंवा ओढ गायब झाली तर दोष टायरमध्ये आहे, काही टायर आतून असे बनलेले असतात की ते फिरताना एका बाजूला सरकू बघतात, नवे असले तरी. बाजू बदलली नाही तर टायर सुटला, आता ब्रेक आणि कोन बघायचे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावं-उजवं न करता त्याच बाजूचं पुढचं-मागचं बदलून बघा.

ब्रेकसाठी तासभर चालवून या, शेवटी शक्यतो ब्रेक कमी वापरा, आणि उतरल्यावर चारी रिमच्या जवळ हात न्या. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल, जळका वास येत असेल तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मोकळा होत नाहीये. थंड गाडी सरळ जाते आणि तापल्यावर ओढते, तेव्हा तर आधी इथेच बघा. फक्त ब्रेक मारतानाच ओढत असेल तर कॅलिपर किंवा लोअर आर्मचं बुश. फक्त जोरात ॲक्सिलरेट करताना ओढत असेल तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाड्यांचा तो थोडाफार स्वभाव असतो, पण अलीकडेच सुरू झालं असेल तर बुश आणि इंजिन माउंट (इंजिनाचे रबरी आधार) बघा.

हे सगळं ठीक निघालं तर उरतात कॅम्बर आणि कॅस्टर. दोन्ही बाजूंच्या आकड्यात फरक पडला की गाडी ओढते. नुसता टो चुकला तर सहसा ओढ येत नाही, स्टेअरिंग वाकडं होतं आणि टायर खाल्ला जातो. त्यामुळे "टो सेट केला, आता ओढणार नाही" असं कोणी म्हणालं तर जरा थांबा.

६. थरथर कुठून येते

हातात म्हणजे स्टेअरिंगमध्ये येत असेल तर पुढून, सीटखाली आणि पाठीला जाणवत असेल तर बहुतेक मागून.

साधारण ८० ते ११० किमी वेगात सुरू होते आणि त्याच्या खाली काहीच नसतं, हे बॅलन्सिंगचं ठरलेलं लक्षण. रिमवर आतून बघा, चिकटवलेलं वजन पडून गेलं असेल तर तिथे स्वच्छ चौकोनी डाग दिसतो. आणि आत चिखल वाळून बसलाय का तेही बघा, पावसाळ्यात किंवा कच्च्या रस्त्यावरून आल्यावर रिमच्या आत मूठभर माती चिकटली तरी गाडी थरथरते. ती धुतली की काम झालं, बॅलन्सिंगचीसुद्धा गरज नाही.

२०-३० किमी वेगालाच गाडी डुलत असेल, स्टेअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलत असेल तर बॅलन्सिंग करून उपयोग नाही. तिथे रिम वाकलीय किंवा टायरच्या आतले पट्टे सुटलेत. हे बघायची सोपी पद्धत अशी: चाक उचला, गाडी स्टँडवर ठेवा, टायरच्या नक्षीजवळ विटेवर स्क्रू ड्रायव्हर असा ठेवा की टोक टायरपासून जेमतेम दोन मिलीमीटर लांब राहील, आणि चाक हाताने हळू फिरवा. फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. एके ठिकाणी टायर येऊन टोकाला घासतो आणि समोरच्या बाजूला फट मोठी होते, किंवा नक्षीच नागमोडी चालताना दिसते, तर सापडलं. मग टोक रिमच्या कडेजवळ ठेवून परत फिरवा, रिम सरळ फिरत असेल तर दोष टायरचाच. पट्टे सुटलेला टायर लगेच काढा, तो फुटू शकतो.

फक्त ब्रेक मारताना थरथर असेल तर डिस्क. लोक म्हणतात डिस्क वाकली, खरं तर बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. फक्त ॲक्सिलरेट करताना असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचा) आतला जॉइंट. पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट-कटकट येत असेल तर बाहेरचा जॉइंट, तिथलं रबरी बूट फाटलेलं असतं आणि चाकाच्या आत ग्रीसचे शिंतोडे दिसतात.

७. स्टेअरिंगचा प्ले

गाडी जमिनीवर, चाकं सरळ, इंजिन चालू. सोबतच्या माणसाला स्टेअरिंग थोडंसं, अगदी बोटभर, डावीकडे-उजवीकडे लयीत हलवायला सांगा आणि तुम्ही पुढचा टायर बघा. टायर हलायच्या आधी स्टेअरिंग किती फुकट फिरतं तो प्ले. थोडासा असतोच, मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, पण पूर्वीपेक्षा वाढलाय हे ड्रायव्हरला स्वतःला कळतं.

आता हा प्ले कुठे हरवतोय ते शोधायचं. वरून खाली या: स्टेअरिंग कॉलमच्या खालचा जॉइंट, मग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारी आडवी दांडी), मग रॅक एंड (तिच्या टोकाचा आतला सांधा), मग टाय रॉड एंड. गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजातल्या सर्व्हिसच्या खड्ड्यावर असेल तर एकेका जॉइंटवर बोटं ठेवून बघता येतं, ढिल्या जॉइंटमध्ये बोटाला स्पष्ट टिक लागते. वजन चाकांवर असतानाच ही टेस्ट करायची, कारण चाक हवेत असलं की जॉइंटवर जोर येत नाही आणि थोडा ढिलेपणा लपून जातो.

वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप मधे येत नसेल, जिथे सोडलं तिथेच राहत असेल, तर हा प्ले नाही, हा जाम आहे. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) वरचं बेअरिंग, गंजलेला कॉलम जॉइंट, घट्ट झालेला बॉल जॉइंट. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि गॅरेजात गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून घ्या.

८. चाक उचलून हलवा

घड्याळाच्या ३ आणि ९ वर हात धरून आत-बाहेर हलवा. खटखट झाली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. बाहेरचा की आतला हे कळायला सोबतच्या माणसाने बाहेरच्या जॉइंटकडे बघायचं, तो स्थिर असेल तर आतला.

मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे खटखट असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा: खटखट बंद झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट. ही युक्ती साधी आहे पण चुकीचा पार्ट बदलायचं टाळते. बॉल जॉइंट पक्का करायला लोअर आर्म आणि नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) यांच्यामध्ये पहार घालून हलकं उचकटून बघा. ज्या गाड्यांमध्ये स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असते तिथे जॅक लोअर आर्मखालीच लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगचा दाब जॉइंटला घट्ट धरून ठेवतो आणि गेलेला जॉइंटही ठीक वाटतो.

बेअरिंगसाठी अजून एक: एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमध्ये हाताला जाणवते, कानाला येवो न येवो. रस्त्यावर बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढत जाणारा घूं असा असतो आणि डावीकडे वळताना वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग, कारण वजन तिकडे जातं. आवाज रस्ता बदलला की बदलत असेल, डांबरावर एक आणि काँक्रीटवर दुसरा, तर तो टायरचाच.

९. टकटक, कटकट, करकर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि इथेच सगळ्यात जास्त पार्ट उगाच बदलले जातात. माझ्या गाडीला छोट्या खड्ड्यात पुढून टकटक यायची, एका गॅरेजात बघता बघता दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. शॉकअप कोरडे होते, टायरवर खळगे नव्हते, मग शंका आली. निघाला लिंक रॉड.

लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कमी झुकावी म्हणून असलेल्या आडव्या बारला) स्ट्रटशी जोडणारी दांडी. तिचा आवाज हळू वेगात, १०-२० किमीला, डावं-उजवं चाक आलटून-पालटून छोट्या उंचवट्यावरून जाताना येतो. मोठ्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की गप्प. आणि गंमत म्हणजे एक चाक जॅकवर उचलून लिंक रॉड हलवला तर तो घट्ट लागतो, कारण बार पिळलेला असतो आणि लिंकवर ताण असतो. त्यामुळे "मी हलवून बघितलं, ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही चाकं जमिनीवर किंवा दोन्ही हवेत असतानाच तपासायचा. पक्कं करायचं असेल तर मेकॅनिककडून दोन्ही बाजूंच्या लिंक काढून गाडी मोकळ्या जागेत अगदी हळू थोडीशी चालवून बघा, आवाज गेला तर सापडला, लगेच परत जोडून घ्या.

लोअर आर्मच्या बुशचा आवाज वेगळा, एकच जड ठक. मोकळ्या जागेत हळू पुढे जाऊन ब्रेक मारा, मग रिव्हर्समध्ये जाऊन ब्रेक मारा. प्रत्येक वेळी एकदाच ठक आलं तर बुश. रबरावर वरवर बारीक भेगा असणं म्हणजे बुश गेलं असं नाही, रबर धातूपासून सुटलंय का किंवा पहारीने आर्म जास्त हलतोय का ते बघायचं.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना टण् किंवा करकर येत असेल तर बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकावर हात ठेवा आणि कोणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांगा. हाताला झटका लागला तर वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग.

शॉकअपचं काय, तर गाडीचा कोपरा दाबून सोडायची टेस्ट सगळ्यांना माहिती आहे, पण आजकालच्या गाड्यांत ती पूर्ण गेलेलाच शॉकअप पकडते, अर्धवट गेलेला नाही. त्यापेक्षा ही लक्षणं बघा: उंचवट्यानंतर गाडी डोलत राहणं, ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जाणं, टायरवर खळगे, शॉकअपच्या नळीवरून खाली ओघळलेलं तेल. नुसती धूळ चिकटलेली ओलसर झाक म्हणजे गळती नाही. बदलायचे झाले तर त्या एक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही. आणि स्प्रिंग विसरू नका, ती बहुतेक खालच्या वेढ्यालाच तुटते आणि तुकडा तिथेच अडकून राहिल्याने दिसत नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने दोन्ही बाजू मोजा, एक बाजू स्पष्ट खाली असेल तर टॉर्च घेऊन खालचा वेढा बघा.

करकर नेमकी कोणत्या बुशमधून येते ते शोधायला साधं पाणी मारा, एकेका बुशवर. कोणत्या तरी एकावर मारल्यावर आवाज थोडा वेळ थांबतो, तेच ते. ऑइल मारू नका, आवाज जातो पण रबर खराब होतं आणि पुढच्या वेळी खूणही राहत नाही.

१०. गॅरेजात

पार्ट गेलाय म्हणाले तर शांतपणे म्हणा, "मला हलवून दाखवा." ढिला जॉइंट, फाटलेलं बुश, गळका शॉकअप, हे सगळं डोळ्यांना दाखवता येतं. "सगळं सस्पेन्शन एकदाच करून टाका" याला कारण विचारा. आवाजाची तक्रार असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून तुम्ही चालवा आणि तो आवाज काढून दाखवा, तुम्ही लिहिलेली नोट इथे कामाला येते. बदललेले जुने पार्ट परत मागा.

लोअर आर्म किंवा बुश बदललं तर एक गोष्ट आवर्जून सांगा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवं बुश लवकर फाटतं.

११. आता अलाइनमेंट

टाय रॉड एंड, रॅक एंड, लोअर आर्म, स्ट्रट यातलं काही बदललं तर अलाइनमेंट लागतेच. नुसते लिंक रॉड बदलले तर नाही. जाण्याआधी हवा बरोबर, डिक्की रिकामी, बॅलन्सिंग झालेलं.

"आधीची" आणि "नंतरची" दोन्ही आकडे असलेली प्रिंट मागा, नुसती हिरवी झालेली, म्हणजे आकडे मर्यादेत आलेली, नंतरची नाही. मागची चाकं ॲडजस्ट होत असतील तर आधी ती, मग पुढची. टो पुढच्या दोन्ही चाकांत जवळपास सारखा विभागलेला हवा, आणि स्टेअरिंग सरळ लॉक करून सेट केलेला हवा. घाईत एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून दोन्ही चाकांच्या टोची बेरीज जुळवली की प्रिंट हिरवी येते आणि स्टेअरिंग वाकडं राहतं. कॅम्बर आणि कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्या बाजूत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ओढ राहू शकते, आकडे मर्यादेत असले तरी. बऱ्याच गाड्यांमध्ये पुढचा कॅम्बर ॲडजस्टच होत नाही, मग तो लाल आला तर "होत नाही साहेब" वर विषय संपवू नका, बहुतेक काहीतरी वाकलंय: स्ट्रट, नकल, आर्म, किंवा सबफ्रेम (लोअर आर्म ज्याला जोडलेले असतात तो खालचा सांगाडा) जागेवरून सरकलीय. ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्यावर घ्यावा लागू शकतो, दिवा लागला तर बहुतेक तेच कारण असतं.

चाकं निघाली होती तर ५० ते १०० किमीनंतर नट परत आवळून बघा, समोरासमोरचे असे क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. नवे टायर घातले असतील तर पहिले २००-३०० किमी जरा सांभाळून, त्यांची पकड तोवर पूर्ण नसते आणि गाडी थोडी हलकी, भरकटल्यासारखी वाटते, लगेच अलाइनमेंटवाल्याशी भांडायला जाऊ नका. हजारेक किलोमीटरनंतर मात्र परत एकदा टायरवर तळहात आडवा फिरवा. दाते लागायला लागले असतील तर प्रिंट घेऊन त्याच माणसाकडे जा, तेव्हा टायर अजून वाचण्यासारखा असतो.